दोन डबे, एक दोर

दुकान मिटायला दहा मिनिटं असताना
एवारिस्तो ओयार्सून आत आला.
आधी खोकल्याची औषधं बघितली, मग टूथब्रश,
मग वजनकाट्यावर उभा राहिला, नाणं न टाकता.
मी ओळखते ही प्रदक्षिणा.
त्या गोळीसाठी कुणी सरळ काउंटरवर येत नाही.

"मित्राला हवीय," म्हणाला.
"मित्राचं वय?"
"माझ्याएवढंच."
"मित्राला रक्तदाब?"
"थोडा. थोडा म्हणजे... आहे."

रक्तदाबाच्या त्याच्या दोन्ही गोळ्या
दर महिन्याला मीच देते.
मित्राच्याही त्याच असणार.

वालपराइसोच्या या टेकडीवर चाळीस वर्षं
त्यानं दोराची गाडी चालवली.
एक डबा वर, एक खाली, आणि ब्रेक याच्या मुठीत.
पियानो उतरवलाय त्यानं, शवपेट्या उतरवल्यात,
एकदा कळा सुरू झालेली बाई,
आणि कुणाला धक्का म्हणून बसू दिला नाही.
म्हणून मी त्याच्या भाषेत गेले:
"रक्तदाबाची गोळी रक्तवाहिन्या सैल सोडते. हीसुद्धा तेच करते.
दोघींचे हात एकाच दोरावर.
डॉक्टरनं मापून, जपून दिल्या
तर डबा सावकाश उतरतो, पुष्कळांचा उतरतो.
पण न विचारता, दोन्ही एकदम..."
"ब्रेक सुटतो," तो म्हणाला,
आणि टोपी काढली.

"छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची एक असते.
तुमच्याकडे आहे?"
"नाही."
तेवढ्यात पैसे काढायला वाकला
आणि सदऱ्याच्या खिशात
काचेची बारकी बाटली खुळखुळली.
दोघांनी ऐकलं.

"ती असेल तर ही नाही, डॉन एवारिस्तो.
आज नाही, उद्याही नाही.
मग दोरच उरत नाही."

बंदरात एका जहाजानं भोंगा दिला.
तो टोपीची कड फिरवत राहिला.
"ती शनिवारी उशांचे अभ्रे इस्त्री करते," म्हणाला.
"मी दोनदा दाढी करतो."
यावर काय बोलायचं ते
औषधशास्त्राच्या पाच वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.
मी शटर अर्ध्यावर ओढलं.
तो खालून वाकून गेला, रिकाम्या हातानं.

मंगळवारी सुनिल्दा आली. नखांत पीठ.
काउंटरवर कागदाची पुडी ठेवली:
चार निळ्या गोळ्या, वेष्टनावर नाव नाही, गाव नाही,
रविवारच्या बाजारातल्या.
"पाच होत्या," म्हणाली.
"रात्री पाणी प्यायला उठला आणि भिंत धरून थांबला.
मला वाटलं भूकंप.
इथे आपल्याला आधी तेच वाटतं, नाही का?
मी दाराच्या चौकटीत जाऊन उभीसुद्धा राहिले.
मग दिव्याकडे बघितलं. दिवा स्थिर होता.
हलत होता तो एकटाच."

जरा थांबून, हळू:
"मी काही मागितलं नव्हतं हो."

मी चिठ्ठी लिहिली. गुरुवार, हृदयविभाग, दुसरा मजला.
दोघं जा. बाटलीचं सांगा, या गोळ्यांचंही सांगा,
लाज घरी ठेवून जा.
आणि पुन्हा भोवळ आली, छातीत दुखलं
तर ती बाटली न उघडता रुग्णवाहिका बोलवा,
आणि कधी काय घेतलं ते आधी सांगा.

चिठ्ठीची तिनं इतकी लहान घडी केली
की मला वाटलं, गिळते की काय.
"आणि तोवर?"

तोवर. मी एकोणचाळीस वर्षांची,
रात्री रेडिओ लावून झोपणारी.
मला काय विचारता?

तिनंच उत्तर दिलं, पिशवी उचलताना:
"तोवर तो माझे पाय चोळतो.
बरे चोळतो. कुठे किती दाबायचं, कळतं त्याला."
जाताना वजनकाट्यात नाणं टाकलं,
आकडा बघितला, कुणाला सांगितला नाही.

मुदत संपलेल्या औषधांच्या डब्यात
मी त्या चार गोळ्या सोडल्या.
खाली तळाशी जाईपर्यंत
मोजत होते.